तीन न वाचलेल्या चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी सूचनापेटी आहे. नेदरलँड्समधल्या ओस्टरडेइक अणुवीज केंद्रात, जेवणघराबाहेरच्या भिंतीवर मी असे. कामगारांना कुठे धोका दिसला, की त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्यात टाकायची. नाव घालायची सक्ती नव्हती.

केंद्रातल्याच सुताराने मला मन लावून बनवले. सुरुवातीची वर्षे फार सुखाची गेली. दर सोमवारी सुरक्षा अधिकारी मला उघडत आणि प्रत्येक चिठ्ठीचे उत्तर शेजारच्या फलकावर लावत. बाहेरून आलेले तपासनीस माझे कौतुक करत. मग ते अधिकारी निवृत्त झाले. नव्या साहेबांनी माझी किल्ली कधी मागितलीच नाही.

२०२० साली महामारी आली. अर्धी माणसे घरी बसली, उरलेल्यांवर दुप्पट काम पडले. त्या एप्रिलात भारतातून कंत्राटावर आलेल्या दिनकर नावाच्या देखभाल इंजिनिअरने माझ्यात चिठ्ठी टाकली, 'टर्बाइनघराच्या वरच्या मजल्याचा कठडा हलतो आहे.' जूनमध्ये दुसरी टाकली, सप्टेंबरात तिसरी. तिन्ही माझ्या पोटात पडून राहिल्या. मला ओरडता येत नव्हते.

नोव्हेंबरात कठडा तुटला. दिनकरचा सोबती लोकेश खाली पडला आणि गेला. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. त्याच्या आईने तो नागपुरात बसून मोबाइलवर पाहिला.

केंद्रातली माणसे धोक्याबद्दल मोकळेपणाने बोलतात का, हे तपासायला हार्लेम शहरातून तपासनीस मेधाताई आल्या. त्यांनी माझे कुलूप तोडायला लावले. त्या चिठ्ठ्या वाचत असताना दिनकर दारात येऊन उभा राहिला.

"माझ्या आहेत त्या," तो म्हणाला.

"तोंडी नाही का सांगितलंत?"

"दोनदा सांगितलं, मॅडम. साहेब म्हणाले, कोविड संपू दे, मग बघू. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. पुन्हा बोलायचा धीर झाला नाही."

"लोकेशला माहीत होतं?"

दिनकरने मास्क सावरला. "हो. तो म्हणाला, तू लिहून दिलंयस ना, मग करतील."

मेधाताईंनी पेन खाली ठेवले.

आता मी गोदामात आहे. मित्रांनो, कुणी येऊन तुम्हाला धोका सांगितला, तर हातातले काम तसेच ठेवा. त्याच्याबरोबर चालत जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.