खाडीपलीकडे किती माणसं

रमाकांत टिपणिसाला पोलिसांनी धरलं, तेव्हा त्याच्या बायकोला, मृणालिनीला, त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. छप्पन सालच्या त्या उन्हाळ्यात गिरगावात ज्याच्या घरचं कुणी आत जाऊन आलं नव्हतं, त्याला नळावरसुद्धा कुणी विचारत नसे. चाळीतून संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहींची तुकडी निघायची, बिऱ्हाडामागे एक माणूस. जमावबंदी मोडायची, पोलिसांच्या गाडीत बसायचं आणि संध्याकाळी सुटून गळ्यात हार घालून घरी जेवायला यायचं, असं आजवर चाललं होतं. म्हणून टिपणिसांची पाळी शुक्रवारी आली, तेव्हा रविवारी दादरला जायचंय हे पक्कं ठाऊक असूनही रमाकांत बिनघोर गेला. आणि नेमकी त्याच तुकडीला पंधरा दिवसांची शिक्षा ठोठावली गेली.

रविवारी दादरला प्लॉट निवडायचे होते. खाडीपलीकडे, कळव्याला, कारकून मंडळींनी सोसायटी काढली होती. सभासदानं स्वतः यायचं, नाहीतर अधिकारपत्र देऊन माणूस पाठवायचा. नंबर तीनदा पुकारायचा, कुणी उठलं नाही तर नाव खोडून पुढचा.

शनिवारी दुपारी चाळीतला वसंत कोठडीत डबा देऊन आला आणि रमाकांतची चिठ्ठी त्यानं सरळ घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातात दिली. मृणालिनी चुलीपाशी होती. सासरे चिठ्ठी मोठ्यानं वाचू लागले तेव्हा तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

"कळवे येथील सोसायटीत प्लॉट निवडण्याचा अधिकार मी माझे वडील, श्री. हेरंब गोविंद टिपणीस, यांस देत आहे."

काय म्हणावं या माणसाला! अर्ज तिनं भरला, खाडीवरची जागा पायपीट करून तिनं पाहिली. सहा महिने सासऱ्यांपासून लपवलं ते दोघांनी मिळून. आणि कोठडीत कागद पुढे आल्याबरोबर यानं जन्माच्या सवयीनं वडिलांचं नाव लिहिलं. टिपणिसांच्या घरात कागद म्हटला की वडीलच. बायकोचं नाव लिहिता येतं हे त्याच्या डोक्यातही आलं नसणार. मृणालिनीला नवऱ्याचा असा संताप आला की पंधरा दिवस थोडेच झाले असं वाटलं.

"हे कधीपासून?" हेरंबरावांनी विचारलं.

"सहा महिने झाले, मामंजी."

"म्हणजे जानेवारीत इथे गोळ्या चालल्या, तेव्हा माझा मुलगा मुंबईबाहेर घर बघत होता."

"अर्ज त्याच्या आधीच दिला होता."

"मुंबईसाठी तुरुंगात जायचं आणि बिऱ्हाड खाडीपलीकडे न्यायचं! वा!"

"कळवा महाराष्ट्रातच राहणार आहे, मामंजी. केंद्राकडे द्यायला निघालेत ती मुंबई."

"म्हणून आपण आधीच उठायचं? मराठी माणसाचं मुंबईत आहे काय, असं ते विचारतात. त्यांना काय दाखवायचं, रिकामी खोली?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते या घरात उच्चारायचं नव्हतं. तळमजल्यावरची मागची खोली, बारा महिने ओल धरणारी भिंत, दुपारी बारालाही दिवा. याच खोलीत तिची मुलगी आठ महिन्यांची असताना गेली आणि मुलगा पाच महिन्यांचा. दोघांचीही छाती भरली. डॉक्टर म्हणाले होते, बाई, औषध मी देईन, पण ऊन कुठून देऊ? आता तिसऱ्यांदा दिवस होते, पाचवा महिना लागला होता, आणि त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नव्हतं. शेजारच्या आनंदीबाईंनी बजावलंच होतं, दोन गेल्यावर तिसऱ्याचा बभ्रा करू नये, झबलंही शिवू नये, मोजू तर मुळीच नये. रमाकांतसुद्धा तिच्या पोटाकडे बघायचं टाळायचा. मग सासऱ्यांशी कोण बोलणार?

हेरंबरावांनी चिठ्ठीची घडी घातली आणि खुंटीवरच्या कोटाच्या खिशात टाकली. जाणार की नाही ते बोलले नाहीत. तिनं विचारलंही नाही. विचारलं आणि नाही म्हणाले तर सगळंच संपलं.

रविवारी सकाळी त्यांनी कोट चढवला, काळी टोपी घातली आणि म्हणाले, "चल."

ट्राममध्ये दोघं अंतर राखून बसली. लालबागपासून पुढे भिंतीभिंतीवर घोषणा रंगवल्या होत्या. हेरंबराव एकेक पुटपुटत वाचत होते, जणू सुनेलाच ऐकवत होते. मृणालिनीची नजर त्यांच्या कोटाच्या खिशावर होती. ते सोसायटीत जाऊन चिठ्ठी फाडतील, चार माणसांत भाषण ठोकतील, काहीही करतील. आयुष्यभर कचेरीत मान खाली घालून काढलेला हा माणूस हल्ली सभेत पहिल्या रांगेत बसायचा, त्याचा काही नेम नव्हता.

दादरच्या शाळेतल्या हॉलमध्ये फळ्यावर नकाशा टांगला होता. बत्तीस चौकोन, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला टेकाड. सेक्रेटरी शरच्चंद्र प्रधान नंबर पुकारायचे, माणूस उठायचा, बोट ठेवायचा, चौकोनावर लाल रेघ. खालची खाडीलगतची जागा दलदलीची, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे वरचे चौकोन भराभर लाल होत होते. रमाकांतचा नंबर एकोणीस. सतरा झाला, अठरा झाला. टेकाडावर दोनच उरले.

"एकोणीस! टिपणीस!"

हेरंबराव हलले नाहीत.

"नंबर एकोणीस, दुसऱ्यांदा!"

मृणालिनी उठून उभी राहिली. "टिपणीस आहेत."

"अधिकारपत्र आणलंय, बाई?"

"यांच्या खिशात आहे."

सगळा हॉल वळून बघू लागला. हेरंबराव सावकाश उठले. "माझा मुलगा मुंबईसाठी तुरुंगात आहे," ते म्हणाले, "आणि त्याचं नाव मी आज मुंबईबाहेर लिहायचं, असं म्हणताय तुम्ही." कुणीतरी टाळी वाजवली, आणखी दोघातिघांनी वाजवली. टाळ्या वाजवणारेही कळव्याला जागा घ्यायलाच आले होते, पण ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

"मामंजी," मृणालिनी हळू बोलायला गेली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "दोन दिली मी त्या खोलीला. आता नाही देणार."

टाळ्या थांबल्या. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसायला घेतला. तिसऱ्यांदा पुकारायचं त्यांच्या जिवावर आलेलं दिसत होतं, पण मागे विसावा नंबरवाला उठून उभा राहिला होता.

हेरंबरावांनी सुनेकडे पाहिलं नाही. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, टेबलावर ठेवली आणि नकाशाजवळ गेले.

"सकाळचं ऊन यातल्या कुठल्या जागेवर येतं?"

"सात नंबरवर. पलीकडच्यावर टेकाडाची सावली पडते," मृणालिनी म्हणाली.

"मग सात."

लाल रेघ ओढली गेली. सेक्रेटरींनी पुढचा कागद ओढला. पाण्याच्या जोडणीसाठी लिहावं लागतं, ते म्हणाले, घरात राहणार किती माणसं?

"तीन," हेरंबराव म्हणाले.

"मुलगा, सूनबाई आणि तुम्ही."

"नाही. मुलगा, सून आणि तिचं मूल."

पाच महिने ज्याला कुणी मोजलं नव्हतं, त्याला सासऱ्यांनी भर हॉलमध्ये मोजलं होतं. मृणालिनीला रडू फुटलं, आणि मग ते काय म्हणाले ते पुरतं ध्यानात आलं.

"आणि तुम्ही?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मी गिरगावात. आमची खोली रिकामी राहायची नाही."

"मामंजी, त्या ओलीत एकटे? स्वयंपाकाचं काय? नाही, साहेब, चार लिहा."

"तीन," हेरंबराव म्हणाले.

सेक्रेटरींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या चिठ्ठीतलं नाव पाहिलं, आणि तीन लिहिलं.