चौथी बातमी

वॉकर पुढे ठेवून मोठ्या बाईंनी एक पाय टाकला, मग दुसरा, आणि खिडकीपाशी पोचल्यावर वळून न बघताच विचारलं,

"हं. बातम्या."

मुलीच्या खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून उतरली नव्हती. पण या घरात चहाच्या आधी बातम्या व्हायच्या. रस्त्याच्या टोकाला असलेल्या माध्यमिक शाळेत आई एके काळी मुख्याध्यापिका होती आणि मुलगी आजही तिथे इतिहास शिकवत होती. म्हणून आई मोठ्या बाई आणि मुलगी छोट्या बाई. छोट्या बाईंचे केस पांढरे झाले, निवृत्ती तोंडावर आली, तरी त्या छोट्याच राहिल्या.

शाळा भरताना रोज चार बातम्या सांगायच्या, हा नेम मोठ्या बाईंनीच घातला होता. पहिली जागं करणारी. दुसरी हसवणारी. तिसरी खरी, म्हणजे जी सांगणं सांगणाऱ्यालाच नको वाटतं ती. आणि चौथी नेहमी हरवलं-सापडलं. वाईट बातमी ऐकवून पोरांना तसंच वर्गात पाठवायचं नाही, त्यांना काहीतरी शोधायला द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. सापडलेली वस्तू ज्याची असेल तो रांगेतून पुढे यायचा. बाई विचारायच्या, "वर्ग?" तो वर्ग सांगायचा, वस्तू घ्यायचा. "पुन्हा हरवू नकोस. जा वर्गात," एवढं म्हटलं की सगळ्या रांगा वर्गांकडे वळायच्या.

"रिले शर्यत नववीच्या मुलींनी मारली," छोट्या बाई म्हणाल्या. "दहावीचे मुलगे तोंड पाडून बसलेत. दुसरी, विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी उद्‌घाटनाच्या आधीच फुटला. पाहुण्यांच्या शर्टावर."

"पांढरा होता?"

"पांढराशुभ्र. तिसरी, ग्रंथालयाची काच फुटली. चौथी, कंपासपेटी सापडलीय. झाकण नाही."

मोठ्या बाई ज्वालामुखीवर हसत हसत पलंगापर्यंत चालत आल्या. छोट्या बाई चहा टाकायला आत गेल्या.

खरी तिसरी बातमी वेगळीच होती. शाळा शनिवारी बंद होणार होती. मुलं कमी झाली होती, उरलेली पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार होती. शनिवारी जो वार्षिक कार्यक्रम होता तोच निरोपाचा. आणि पडून खुबा मोडल्यापासून मोठ्या बाई एकाच हट्टाने उठून बसल्या होत्या: कार्यक्रमाला शाळेच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढायच्या.

"आत्ता सांगितलंस तर ती पलंग धरेल ती धरेलच," परगावाहून भाऊ फोनवर म्हणाला होता. "चालू दे तिला."

"अरे, पण शनिवारी कळणारच ना, दादा?"

"शनिवारचं शनिवारी बघू."

दादाचं सगळंच असं शनिवारचं शनिवारी. रोज संध्याकाळी आईच्या तोंडाकडे बघायचं होतं ते छोट्या बाईंना.

पहिल्या दोन बातम्या खऱ्याच असायच्या, त्या आठवड्यात शाळेत नुसती धमाल चालली होती. तिसरीच्या जागी फुटकी काच, हरलेला सामना, असलं काहीतरी सांगून भागवता यायचं. अडायचं चौथीला. कारण त्या आठवड्यात कुणाचं काही हरवतच नव्हतं, जो तो आपलं सामान नीट गोळा करून घरी नेत होता. मग दुपारी शिक्षकांच्या खोलीतली कपाटं रिकामी करताना छोट्या बाई हरवलं-सापडलंच्या जुन्या खोक्यातून हाताला येईल ते उचलायच्या आणि संध्याकाळी तेच सांगायच्या.

मंगळवारी शाईचं पेन निघालं.

"अजून शाईचं पेन वापरतात पोरं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"असतो एखादा हौशी."

बुधवारी एक हातमोजा निघाला. लोकरीचा, मरून रंगाचा, डाव्या हाताचा.

मोठ्या बाई खिडकीकडे निघाल्या होत्या. त्या मधेच थांबल्या.

"अंगठा लांब आहे?"

"हो. तुला कसं कळलं?"

"विणलेल्या हातमोज्यांचा अंगठाच चुकतो गं नेहमी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चालू लागल्या. त्या दिवशी त्या दारापर्यंत गेल्या. गुरुवारी अंगणात उतरल्या. छोट्या बाई मागे मागे, हात पुढे धरून. आई अशी जिद्दीने चालताना पाहून त्यांना बरं वाटायचं आणि लगेच लाज वाटायची. आयुष्यभर जिने पोरांना तिसरी बातमी टाळू दिली नाही, तिच्याशीच ही लपवाछपवी. शुक्रवारी घरी येताना त्यांनी मनाशी ठरवलं, आज सांगून टाकायचं.

दारातूनच त्यांनी सुरुवात केली. "पहिली बातमी..."

"बस आधी," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले. "आज मी सांगते. पहिली, आज मी फाटकापर्यंत जाऊन आले. समोरच्या काकूंना विचार हवं तर. दुसरी, तुझ्या दादाला वाटतं म्हातारीला काही कळत नाही."

छोट्या बाई हसल्या नाहीत.

"तिसरी. शाळा उद्या बंद होतेय."

छोट्या बाईंनी खांद्यावरची पिशवी उतरवली.

"कुणी सांगितलं तुला?"

"तूच. बुधवारी. ते खोकं आम्ही कधी तळापर्यंत रिकामं केलं नाही गं. तो हातमोजा अगदी तळाशी होता, माझ्याच हाताने ठेवलेला. खोक्याचा तळ लागला म्हणजे कपाट रिकामं होतंय. कपाट रिकामं होतंय म्हणजे काय ते कळायला मला इन्स्पेक्टर लागत नाही."

"मग बोलली का नाहीस? आणि चालत कशी राहिलीस?"

"थांबले असते तर मला कळलंय हे तुला कळलं असतं. रोज इतकं जमवून आणत होतीस, म्हटलं कशाला हिरमोड करा."  मोठ्या बाईंनी पदराने डोळे पुसले आणि तसंच पुढे म्हणाल्या, "वाईट वाटतंय मला. फार वाटतंय. पण पायऱ्या मी चढणार."

छोट्या बाई खुर्चीशेजारी खाली बसल्या. आईचा पाय दाबू लागल्या. दाबता दाबता त्यांनी विचारलं,

"आणि चौथी?"

"ती उद्या. हातमोजा पिशवीत घाल."

शनिवारी मैदान भरलं होतं. गणवेशातली मुलं पुढे, आणि मागे टक्कल पडलेले, चष्मे लागलेले, आपापली पोरं कडेवर घेतलेले जुने विद्यार्थी. आपण कुठल्या रांगेत उभे राहायचो ते आठवून तेही रांगाच करून उभे होते. मोठ्या बाईंनी वॉकर पायऱ्यांखालीच सोडला. एक हात कठड्याला, एक मुलीच्या खांद्यावर, अशा त्या पायऱ्या चढल्या. कुणी टाळ्या वाजवायला लागलं तेव्हा त्यांनी नजरेने गप्प केलं.

मुख्याध्यापकांनी त्यांच्या हातात माईक दिला. त्यांनी पहिली बातमी सांगितली, रिलेची. दुसरी ज्वालामुखीची. तिसरी त्यांनी एका वाक्यात सांगितली, न अडखळता. मैदानात कुणीतरी नाक ओढलं.

"चौथी. सापडला आहे, एक हातमोजा. मरून, डाव्या हाताचा. अंगठा लांब आहे, कारण विणणारीला अंगठे कधी जमले नाहीत. ज्याचा असेल त्याने पुढे यावं."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मागच्या रांगांत काही जणांनी सवयीने आपले खिसे चाचपले.

खांबापाशी उभ्या असलेल्या छोट्या बाईंना तेव्हा आठवलं. थंडीची सकाळ, पाचवीची रांग, आणि आईने असाच उंच धरलेला हातमोजा. आपण गार पडलेला हात खिशात कोंबला होता. मुख्याध्यापिकेची मुलगी वस्तू हरवते म्हणून सगळे हसले असते. आईने रांगेकडे पाहिलं होतं, आणि मग मोजा खोक्यात टाकला होता. नेम म्हणजे नेम. घरी दोघीही त्याबद्दल काही बोलल्या नव्हत्या.

त्या खांबापासून निघाल्या आणि आईच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. हात पुढे केला.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"वर्ग?"

"पाचवी. ब तुकडी."

हातमोजा हातावर पडला. "पुन्हा हरवू नकोस," मोठ्या बाई म्हणाल्या. "जा वर्गात."

आणि मैदानातल्या सगळ्या रांगा, मागच्या टक्कल पडलेल्यासुद्धा, सवयीने वर्गांकडे वळल्या.