बिननळीचं ऑपरेशन

नाबिफो आजीचं एकच पालुपद चाललं होतं: "नळी कुठाय?"

शेजारच्या खाटेवरच्या बाळाला डोक्यात साचलेलं पाणी काढायची नळी बसवली होती, कानामागे तिचा फुगवटा दिसायचा. आजीच्या नातवाला, चार महिन्यांच्या मागोम्बेला, टाळूच्या कडेला फक्त बोटाच्या पेराएवढी शिवण. डॉक्टर ओपोलोटनी तिथून बारीक दुर्बीण घालून साचलेल्या पाण्याला मेंदूतच वाट करून दिली होती. आजीचं गाव बुदुदाच्या डोंगरात, पावसाने रस्ताच वाहून जातो. तिथे नळी तुंबली तर पोर इथे म्बालेच्या दवाखान्यापर्यंत पोचणार कधी? म्हणून हा खटाटोप. मी तीनदा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"गरीब बघून फसवलंत. नुसतं शिवून दिलंत."

"आजी, बावीस वर्षं या वॉर्डात नर्स आहे मी. नुसतं शिवायचंच असतं तर आधी तुमचं तोंड शिवलं असतं."

सगळ्या आया हसल्या. आजी नाही.

मी रोज टेपने डोकं मोजायची. चौथ्या दिवशीही सत्तेचाळीस सेंटिमीटरच. म्हणजे वाढ थांबली, मी खूश. आजीचं म्हणणं, कमी झालं नाही म्हणजे काहीच झालं नाही. तिने गाठोडं बांधलं आणि सुनेला म्हणाली, "ऊठ मुटोन्यी, गावच्या वैदूकडे जाऊ."

मुटोन्यी बिचारी माझ्याकडे बघत राहिली. केलेली वाट पुन्हा बुजत नाही ना, हे कळायला अजून काही दिवस हवे होते. डोंगरावर बुजली असती तर मूल हातचं गेलं असतं. मला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"खुशाल जा," मी म्हणाले. "पण नऊ पोरं वाढवलीत ना? जाण्याआधी याची टाळू चाचपून बघा. माझ्या टेपवर नका ठेवू विश्वास."

पोराला घेऊन आले त्या दिवशी त्याची टाळू ढोलासारखी ताणलेली होती. आजी तिला हात लावायलाच घाबरायची. आता तिने भीतभीत तळहात टेकवला. मागोम्बे दूध पीत होता, टाळू हलकेच उडत होती. आजीने बराच वेळ हात काढला नाही.

"मऊ आहे गं," ती सुनेला म्हणाली. "माझ्या पोरांची असायची तशीच." तिचे डोळे भरून आले. माझेही.

मग माझ्यावर खेकसली, "बघत काय बसलीस पोरी? इथे मटोकेची उकडलेली केळी कुठे मिळतात ते सांग. पाजणारी बाई सकाळपासून उपाशी आहे."