डावं विरजण

टाकीशी कुणी भांडू नये, असं ताई कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायची. औषधाच्या कारखान्यात तिच्या ताब्यात एकच खोली होती आणि त्या खोलीत एकच मोठी काचेची टाकी. टाकीचे नखरे मात्र लाडावलेल्या जावयासारखे. जरा गरम झालं तरी रुसायची, जरा गार झालं तरी रुसायची.

त्या टाकीत जे औषध बनायचं त्याचे रेणू दोन तऱ्हेचे. अणू तेच, तितकेच, एकमेकांना जोडलेलेही तसेच. फरक एवढाच की एक डावा आणि एक उजवा. हातमोज्यांसारखे. आरशात धरले तर एक दुसऱ्याचं प्रतिबिंब, पण डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात घालायला जा, अंगठ्यापाशी अडलाच. दोन्ही पांढरे, दोन्ही कडू, दोघांचं वजन सारखं. डोळ्यांना, जिभेला, तराजूला सगळ्यांना फसवतील असे जुळे. शरीर तेवढं फसत नाही, कारण ते स्वतःच आतून एकाच हाताच्या रेणूंचं घडलेलं आहे. डावा रेणू आखडलेली बोटं सोडवायचा. उजवा बोटांना हातही लावायचा नाही. तो रक्तात शिरून रोगाशी लढणाऱ्या पेशीच मारायचा, आणि मग साधा ताप आला तरी माणूस हाती लागायचा नाही.

टाकीत हे दोघे निम्मे निम्मे असायचे. त्यांना वेगळं करायची युक्ती विरजणाची. द्रावण वाफेवर गरम करून हळूहळू निववायचं आणि नेमक्या वेळी त्यात डाव्याचे चिमूटभर तयार स्फटिक सोडायचे. त्या विरजणाभोवती डावेच डावे जमतात, उजवे पाण्यातच राहतात. डावे गाळून काढले की पुढची पाळी उजव्याची, कारण आता पाण्यात त्यांची गर्दी झालेली असते. त्यांना त्यांचं विरजण घालून बाहेर काढायचं, टाकी पुन्हा भरायची, मग परत डाव्याची पाळी. डावा, उजवा, डावा, उजवा. लागोपाठ दोनदा एकच पाय पुढे टाकायला जाणारा तोंडघशी पडतो, हेही ताईच सांगायची.

आणि आज तिला नेमकं तेच करायचं होतं.

तिचा धाकटा भाऊ घड्याळजी होता. होता म्हणजे, या औषधाच्या जोरावर होता. औषध पोटात असेपर्यंत तो केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलायचा. ते नसलं की त्याच्या हातांचं लाकूड व्हायचं. कारखाना नव्या मालकाकडे गेला, नव्या मालकाला हे औषध बनवणं परवडेना, आणि दुसरं कुणी ते बनवत नव्हतं. भाऊ उरलेल्या गोळ्या अर्ध्या मोडून घेत होता. "मला बरं वाटतंय," असं तो म्हणायचा आणि हात टेबलाखाली ठेवायचा.

"आज संध्याकाळी वाफ बंद," मामांनी सकाळीच सांगितलं. मामा म्हणजे खात्याचे मुकादम. सख्खे कुणाचेच नव्हते, पण सगळ्या कारखान्याचे मामा. "उद्या टाकी उचलायला माणसं येणार."

"मामा, आज उजव्याची पाळी आहे. डावं काल निघालं ते सगळं इस्पितळाच्या मागणीत गेलं. आज उजवं काढते, उद्या डावं काढते. एक दिवस द्या."

"माझ्या हातात असतं तर महिना दिला असता, पोरी. एक पाळी बसेल. जे निघेल ते तू घरी ने, मी काही पाहिलेलं नाही." एवढं बोलून मामा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

ताईने फळीवरून डाव्या विरजणाची बरणी काढली. बरणीत होतं ते औषधच होतं, शंभर टक्के शुद्ध. तसंच घरी नेलं असतं तर भावाला पंधरवडाभर पुरलं असतं. पण पंधरवड्यानंतर काय? टाकीत वर्षावर्षाचं औषध विरघळून पडलं होतं. पाण्यात उजव्याची गर्दी आहे, हे तिला पाठ होतं. विरजण जास्त घातलं तर गर्दीतूनही डावे आधी खेचले जातील, असं तिने मनाला पटवलं. बुडत्याला काडीचा आधार! तिने अख्खी बरणी टाकीत उपडी केली.

आणि टाकी चक्क ऐकायला लागली. तळाशी लखलखीत दाणे धरू लागले. तिने चमचाभर काढून धुतले, विरघळवून नळीत भरले आणि यंत्रात ठेवले. त्या नळीतून खास प्रकाश सोडला की डावा रेणू त्याला एका अंगाला वळवतो, उजवा दुसऱ्या. प्रकाश पूर्ण डाव्याच्या अंगाला वळला. ती स्टुलावर बसली आणि रडली.

खालची तोटी उघडायची हीच वेळ होती. तळाशी होतं ते सहा-सात महिन्यांचं तरी होतं. तिचा हात तोटीवर गेलाही. पण सहा-सात महिन्यांनंतर काय, हा प्रश्न पुन्हा समोर येऊन बसला. अजून जरा वाढू दे, तिला वाटलं. अगदी जराच. हाव म्हणावी तर ती स्वतःसाठी नव्हती, पण टाकीला त्याचं काय!

सगळी टाकी एकदम पांढरी झाली. दाणे नव्हेत, पीठ. वरपासून खालपर्यंत गढूळ, दाट. ताईने धावत तोटी उघडली, गाळलं, धुतलं, नळी भरली. प्रकाश सरळ गेला. ना इकडे, ना तिकडे. उजवे खाली येऊन डाव्यांत मिसळले होते, निम्म्यास निम्मे.

"पुन्हा विरघळव की," मामा म्हणाले.

"विरघळवीन मामा, पण लावू कशाने? विरजण सगळं घालून बसले."

पाइपातून वाफ सुसकारा टाकत निघून गेली. चिमट्याने दाणा दाणा वेगळा करावा म्हटलं, तर दाणा दिसेल तर शपथ. तरी तिने ते पीठ वाळवलं आणि पिशवीत भरलं. टाकून द्यायला तिचा हात झाला नाही.

घरी भाऊ टेबलाशी बसला होता. शर्टाची बटणं उघडीच होती. पिशवी बघून त्याचा चेहरा असा उजळला की ताईला खोटं बोलावंसं वाटलं. पण ती बोलली नाही. सगळं सांगितलं, बरणीचंसुद्धा.

तो म्हणाला, "म्हणजे अर्धं तर माझंच आहे ना?"

"अर्धं विष आहे."

"असू दे. दुप्पट घेतो, म्हणजे माझं मला पुरेल."

"विषही दुप्पट होईल, रे."

"ताई, सकाळपासून एक बटण लागलं नाही मला. एक! मरायचं तर मरू, पण धड हातांनी मरू दे. दे ती पिशवी इकडे."

ताई मोरीपाशी गेली आणि तिने नळ सोडला. मागे खुर्ची पडली. तो धडपडत आला आणि तिला अडवायला त्याने तिच्या मनगटावर दोन्ही हात टाकले. ताई थांबली. त्याने घट्ट धरलं असतं तर आपण पिशवी सोडली असती, हे तिला कळत होतं, आणि त्या क्षणी त्याने धरावं असंच तिला वाटत होतं. "धर ना," ती पुटपुटली.

त्याची बोटं वळलीच नाहीत. तिच्या मनगटावरून हात घसरत गेले आणि कठड्यावर आपटले.

ताईने पिशवी उलटी केली. पांढरं पीठ पाण्याबरोबर जाळीपर्यंत गेलं, आणि ते सगळं जाईपर्यंत तिने नळ बंद केला नाही. मग तिने हात पुसले आणि त्याच्या शर्टाची बटणं लावली.