सासूबाईंची मान आणि मी

मित्रांनो, मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे. माझी लांबी दीड मीटर आहे, असं माझ्या अंगावर छापलेलं आहे. ते आता खरं नाही. ते कसं खोटं ठरलं आणि त्यापायी एका खडकाचं काय होणार होतं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म तैपेईजवळच्या एका लहान कारखान्यात झाला. पांढरं विणलेलं कापड, त्यावर रोगणाचा थर आणि दर सेंटिमीटरला एक काळी रेघ. दोन्ही टोकांना पितळी पत्रा ठोकला, की टेप तयार. कारखान्यात एक बाई प्रत्येक टेप लोखंडी पट्टीशेजारी ठेवून बघायची. माझी शेवटची रेघ पट्टीच्या शेवटच्या रेघेला अगदी बरोबर लागली, तेव्हा तिने मान हलवली आणि मला गुंडाळून डबीत ठेवलं. आयुष्यात माझी परीक्षा झाली ती तेवढी एकदाच. त्यानंतर बरीच वर्षं कुणाला ती पुन्हा घ्यावीशी वाटली नाही.

मला ग्योकलानने घेतलं. कीलुंगच्या पुढे समुद्रात घुसलेला एक खडकाळ सुळका आहे. त्याच्या पायथ्याशी मासेमारीचं बंदर आहे आणि बंदरामागच्या गल्लीत ग्योकलानचं शिवणाचं दुकान. तिचा नवरा थाइजिन सुळक्यावरच्या उद्यानात रखवालदार आहे. तिथले खडक बघायला रोज बसगाड्या भरून माणसं येतात. वरचा थर कडक आणि खालचा मऊ, म्हणून वारा आणि खारं पाणी खालून कोरत जातं आणि वर मोठं डोकं, खाली बारीक मान असे खडक उरतात. काही अळंबीसारखे दिसतात, काही आल्याच्या गड्ड्यासारखे.

त्यातल्या सर्वांत उंच खडकाचं पाटीवर एक भारदस्त नाव लिहिलेलं आहे. गावात ते कुणीच घेत नाही. गावात त्या खडकाला सासूबाई म्हणतात. मान ताठ, हनुवटी वर आणि तुम्ही कुठेही उभे राहिलात तरी नजर तुमच्यावरच.

सासूबाईंच्या भोवती जमिनीवर लाल रेषा आखलेली आहे. रेषेच्या आत जायचं नाही, हात लावायचा नाही. तरी दिवसातून दहा-बारा जण पाय आत टाकतातच. मग थाइजिनची शिट्टी वाजते.

"ओ टोपीवाले भाऊ! गळ्यात हात टाकताय? स्वतःच्या सासूच्या टाकता का कधी?"

फोटोसाठी रांगेत उभी असलेली माणसं हसतात, टोपीवाले भाऊ लाजून मागे सरतात आणि लांबूनच फोटो काढतात. थाइजिन रागावत नाही. पण एकटा असला की सासूबाईंसमोर उभा राहून पुटपुटतो, "बारीक होऊ नका हो इतक्यात."

कारण मान झिजत असते. थाइजिनने सत्तावीस वर्षं ती मोजली होती. चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला आकाशकंदिलांचा सण असतो. त्या दिवशी गावकरी देवाची पालखी खांद्यावर घेऊन बंदराच्या थंडगार पाण्यात उड्या मारतात. दुसऱ्या सकाळी सगळं गाव आल्याचा काढा पीत, शिंकत बसलेलं असतं. तेव्हा थाइजिन फाटक उघडण्याआधी एकटाच वर जायचा, मानेला पोलादी टेप लावायचा आणि आकडा निळ्या वहीत लिहायचा. वर्षाला दोन-तीन मिलिमीटर. त्याचा आकडा कधी चुकत नाही, अशी ख्याती होती. व्यवस्थापक खोबाई तर पाहुण्यांना ती वही मुद्दाम काढून दाखवायच्या.

तीन वर्षांपूर्वी काय झालं, की मोजून झाल्यावर वही बंद करताना थाइजिनच्या हातून पोलादी टेप निसटली. ती कपारीत गेली आणि तिथून लाटेने ओढून नेली. आकडा तेवढा वहीत चढला होता: १३०.०. पुढच्या वर्षी सणानंतरच्या सकाळी त्याला आठवलं, की नवी टेप आणायची राहिलीच आहे.

"तुझी दे ना," तो ग्योकलानला म्हणाला.

"माझी टेप खडकाला लावणार? मीठ लागेल तिला."

"कापडी आहे, मानेवर ओरखडा नाही उठायचा. पोलादी टेपेने दर वेळी माझ्याच जिवाला घोर लागायचा."

खरं सांगते, मला फार आनंद झाला. आजवर मी कमरा मोजल्या होत्या, बाह्या मोजल्या होत्या. आता मी सासूबाईंच्या गळ्यात पडणार होते! मान गार होती आणि जराशी खरखरीत, जुन्या सुती कापडासारखी. थाइजिनने मला घट्ट ताणलं आणि आकडा वाचला, एकशे एकोणतीस. त्याच्या कपाळावर आठी पडली. एका वर्षात एक सेंटिमीटर! त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

पुढच्या वर्षी एकशे अठ्ठावीस आलं आणि यंदा एकशे सव्वीस पूर्णांक सात.

यातलं गुपित तुम्हाला सांगून टाकते. ग्योकलानची मोठी लोखंडी कात्री सारखी हरवायची. कधी कापडांच्या ढिगाखाली, कधी शेजारणीच्या घरी. म्हणून ती पोलादी टेप वाहून गेली त्याच सुमाराला ग्योकलानने माझ्या एका टोकाला कात्री बांधली आणि दुसरं टोक भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. कात्री हरवायची थांबली. पण काम नसेल तेव्हा ती जड कात्री माझ्या अंगाला लोंबकळत असायची. शिवाय वर्षातून एकदा खारा वारा, ओल आणि थाइजिनची ओढ होतीच. मी हळूहळू लांबत गेले. माझ्या रेघा एकमेकींपासून दूर सरकल्या. रेघा दूर गेल्या, की तेवढ्याच जागेत त्या कमी बसतात आणि आकडा कमी येतो.

हे मला तेव्हा कळत नव्हतं. टेपेला सगळं मोजता येतं, स्वतःला मात्र मोजता येत नाही. सासूबाई वाळत चालल्या आहेत असंच मलाही वाटत होतं.

दुकानात मात्र आनंदीआनंद होता. गल्लीतल्या बायकांच्या कमरा कमी होत होत्या! बंदरावर माकूळ आणि खेकडे विकणारी बीहो तर दर महिन्याला मोजून घ्यायला यायची.

"नव्वद!" ग्योकलान जाहीर करायची. "आधी ब्याण्णव होती तुझी."

"बघ! आणि मी रोज तीन वाट्या रताळ्याची पेज खाते," बीहो म्हणायची. "कष्टाचं शरीर आहे बाई. तुझ्यासारखं बसून शिवणं नाही."

"बसून शिवते म्हणून तर तुझ्या अंगाला कपडा आहे."

आणि शिवलेले कपडे अंगाला नीट बसायचे, हे विशेष. कंबर मोजली माझ्यानेच आणि कापड आखलं तेही माझ्यानेच. मी कमरेला नव्वद म्हणायचे आणि कापडावरही माझीच नव्वद आखली जायची. दोन्हीकडे चूक सारखीच, म्हणून कुठेच दिसायची नाही. मला ही गोष्ट आजही फार नवलाची वाटते.

तिकडे उद्यानाच्या कचेरीत खोबाईंनी निळ्या वहीतले आकडे कागदावर मांडले होते. चोवीस वर्षं संथ उतरणारी रेघ शेवटच्या तीन वर्षांत कड्यासारखी खाली कोसळत होती. या वेगाने मान दहा-बारा वर्षंसुद्धा टिकणार नाही, असं सगळ्यांना वाटलं. बैठका झाल्या. शेवटी असं ठरलं, की पायथ्याशी चार भोकं पाडून पोलादी गज बसवायचे आणि मानेभोवती आधाराचं कडं घालायचं.

"भोकं पाडताना तडा गेला तर?" थाइजिनने विचारलं.

"जाऊ शकतो, काका," खोबाई म्हणाल्या. "मन धजत नाहीच. पण तुमचे आकडे बघून गप्प कशी बसू?"

त्या संध्याकाळी थाइजिन जेवला नाही. "माझ्याच आकड्यांनी त्यांच्या पायाला भोकं पडणार," एवढंच बोलला.

कामाचा दिवस ठरला, गुरुवार. त्याच आठवड्यात बीहोच्या मुलाचं लग्न होतं. तिने काय करावं? कीलुंगच्या एका मोठ्या दुकानाला फोन करून तयार झगा मागवला, कंबर नव्वद. ग्योकलानला पत्ताही लागू दिला नाही.

गुरुवारी सकाळी दुकानाचं दार धाडकन उघडलं. बीहो आत आली. अंगावर जांभळा चमकदार झगा, पाठीमागची चेन अर्ध्यावर अडकलेली आणि उघडी पाठ झाकायला वरून मासळीबाजारातला रबरी एप्रन उलटा बांधलेला.

"ग्योकलान! खोटारडे!"

ग्योकलानने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हा कुणी शिवला?"

"ते नंतर बोलू."

"कीलुंगहून आणलास? तीस वर्षं मी तुझे कपडे शिवते आणि पोराच्या लग्नाला तू कीलुंगला जातेस?"

"अगं, त्या दुकानाशी भांडायला काल गेले होते मी! त्यांनी मोजलं तर ब्याण्णव. म्हटलं, तुमची टेप खोटी. ते म्हणाले, घेऊन जा आणि तुमच्या शिंपिणीला दाखवा. ही बघ!" तिने एप्रनच्या खिशातून एक पिवळी टेप काढून मेजावर आपटली.

थाइजिन कोपऱ्यात चहा घेत होता. त्याला वर उद्यानात जायचं होतं, पण तो उठत नव्हता. ग्योकलानने मला खिळ्यावरून काढलं, कात्री सोडली आणि रागारागाने मला त्या पिवळ्या टेपेशेजारी पसरलं. पाठोपाठ तिने लाकडी मीटरपट्टीही आणून शेजारी ठेवली. पिवळी टेप पट्टीला रेघेला रेघ जुळली. मी जुळले नाही. पिवळीची दीडशेवी रेघ आली, तिथे माझी एकशे सत्तेचाळिसावी होती. माझी शेवटची तीन बोटं पुढे उघडी पडली.

कारखान्यातल्या त्या बाईनंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझी परीक्षा घेतली होती आणि मी नापास झाले होते.

बीहो हळूच म्हणाली, "म्हणजे मी ब्याण्णवच?"

"आपण सगळ्याच जशाच्या तशा," ग्योकलान म्हणाली आणि तिला हसू आवरेना. बीहोलाही आवरेना. हसता हसता झग्याची चेन आणखी दोन बोटं खाली सरकली.

थाइजिन हसत नव्हता. त्याचा पेला हातातच राहिला होता. "एकशे सव्वीस पूर्णांक सात," तो म्हणाला. "बाई गं... सासूबाई!"

पिवळी टेप उचलून तो बाहेर पळाला. ग्योकलानने मला गळ्यात टाकलं आणि ती त्याच्या मागे धावली. मागून बीहोही, झग्याचा घोळ दोन्ही हातांनी उचलून. रांगेतल्या माणसांनी आपणहून वाट दिली. जांभळ्या झग्यावर रबरी एप्रन घातलेल्या बाईला कोण अडवणार?

वर सासूबाईंच्या पायथ्याशी खडूने चार वर्तुळं काढून झाली होती. भोक पाडायचं यंत्र घरघरत होतं. थाइजिनने शिट्टी फुंकली. इतकी लांब शिट्टी त्याने कधीच फुंकली नव्हती. यंत्र थांबलं.

"काका, काय झालं?" खोबाईंनी विचारलं.

सगळे बघत होते. कामगार, पर्यटक, सासूबाई. सत्तावीस वर्षं ज्याच्या आकड्यावर कुणी शंका घेतली नव्हती, त्याला आता बोलायचं होतं. त्याने टोपी काढली.

"माझी मोजणी चुकली. तीन वर्षांची. टेप लांबलेली होती आणि मी ती एकदाही तपासली नाही."

खोबाईंनी कामगारांच्या पेटीतली पोलादी टेप मागवली. मानेवर ओरखडा नको म्हणून ग्योकलानने आपला रुमाल फाडून त्याच्या चिंध्या टेपेच्या कडांखाली धरल्या. खोबाई वाकल्या. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला.

"एकशे एकोणतीस पूर्णांक दोन."

तीन वर्षांत आठ मिलिमीटर. म्हणजे वर्षाला जेमतेम पावणेतीन, पूर्वीसारखेच. खोबाईंनी टेप गुंडाळली. मग कामगारांना म्हणाल्या, "सामान आवरा." आणि थाइजिनकडे वळून, "काका, टोपी घाला. रेघ अचानक कोसळली तेव्हा खडकाला काय झालं एवढंच मी विचारत बसले. टेपेचं काय झालं, हे माझ्याही मनात आलं नाही."

"आणि माझ्या कमरेचं काय?" बीहो म्हणाली.

तो झगा ग्योकलानने त्याच दुपारी दोन्ही बाजूंनी सैल करून दिला. टोमणे मारत दिला, पण दिला.

मित्रांनो, मला वाटलं होतं, की आता आपली रवानगी चिंध्यांच्या पोत्यात होणार. तसं झालं नाही. कात्रीला तिचा स्वतःचा खिळा मिळाला आणि मला एक पत्र्याची डबी. आता दर वर्षी सणानंतरच्या सकाळी थाइजिन आधी मला लोखंडी पट्टीशेजारी पसरतो आणि मी किती लांब आहे ते बघतो. मग कडांना कापड लावलेल्या पोलादी टेपेने सासूबाईंची मान मोजतो. निळ्या वहीत आता दोन रकाने आहेत. एक सासूबाईंचा आणि त्याशेजारी माझा. त्या दर वर्षी थोड्या बारीक होतात, मी आहे तेवढीच आहे.

आणि वाढदिवस आला, की बीहो दुकानात येते. ग्योकलान नवी टेप उचलते, तशी ती हात आडवा धरते. "ती नको. माझी टेप काढ."

तेव्हा माझं एवढं ऐका. आमच्याकडे आलात, तर लाल रेषेच्या बाहेर उभे राहा. सासूबाईंना वारा आणि समुद्र पुरेसे आहेत, त्यात तुमच्या हातांची भर नको. आणि तुमच्या घरी एखादी टेप, एखादा तराजू, एखादं घड्याळ मुकाट्याने काम करत असेल, तर वर्षातून एकदा त्याच्याकडेही बघा. त्याच्या अंगाला एखादी कात्री लटकत नाही ना, तेवढं पाहा. त्याला स्वतःला ते कळत नाही.