बे.ला सांगायचं नाही

मी संशयी आहे असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात. बावीस वर्षं बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्याला संशय येणार नाही तर कुणाला येणार? गाणाऱ्या बाईंना टाळ्या मिळतात. की-बोर्डवाल्याकडे फर्माइशीच्या चिठ्ठ्या जातात. ड्रमवाल्याचे फोटो निघतात. माझ्याकडे येऊन लोक विचारतात, "तुमच्या गिटारला चारच तारा का हो? बाकीच्या तुटल्या का?" बेस वाजत असतो तेव्हा तो कुणाच्या लक्षात येत नाही. थांबला, तर गाण्यातून काहीतरी गेलं एवढं कळतं, पण काय गेलं ते सांगता येत नाही. त्यामुळे आपण गेलो तर कुणाला कळेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यात कायमचा मुक्कामाला आहे.

आमचा बँड चौघांचा. बाई गातात. मास्तर की-बोर्ड वाजवतात आणि बँडही तेच चालवतात. दिवसा ते शाळेत गणित शिकवतात, म्हणून मास्तर. ड्रमवर माझा मेव्हणा. त्याला सगळेच मेव्हणा म्हणतात, बाईसुद्धा. तो आधी माझा मित्र. तीन वर्षं रियाजाला म्हणून आमच्या घरी यायचा आणि मग एक दिवस माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा झाला. ते प्रकरणही घरात सगळ्यात शेवटी मलाच कळलं होतं. बहीण म्हणजे बेबी. पंचेचाळिशीला आली, बँकेत साहेब झाली, तरी घरीदारी बेबीच.

पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली ती अँपवरून. अँप म्हणजे ज्यातून माझा आवाज बाहेर येतो तो गुडघ्याएवढा खोका. तो समोर लोकांकडे तोंड करून ठेवायचा असतो. एका रियाजाला आलो तर त्याचं तोंड ड्रमकडे. मी सरळ केला. पुढच्या वेळी परत ड्रमकडे, आणि आता ड्रम, मेव्हण्याचं स्टूल आणि माझा अँप असं सगळं एकाच मोठ्या प्लायवूडच्या फळीवर. मी विचारलं, "हे कुणी केलं?"

मास्तर म्हणाले, "पंख्याच्या वाऱ्याने हलला असेल."

अठ्ठावीस किलोचा अँप! पंख्याच्या वाऱ्याने! गणिताचे मास्तर हे. मी तेव्हापासून डोळ्यांत तेल घालून बघायला लागलो.

मग मेव्हण्याचे बूट. हा माणूस बूट घालून झोपत असेल असं आम्ही म्हणायचो, आणि आता वाजवायला बसला की बूट-मोजे काढून बाजूला. "चावतात," म्हणाला. सहा महिने चावणारे बूट कोण वापरतं? आणि नजर. पूर्वी तो वाजवताना डोळे मिटायचा. आता सारखा माझ्या उजव्या हाताकडे बघायचा. दोन बोटांनी मी तार ओढतो, त्या बोटांवरून त्याची नजर हलायची नाही. परीक्षेत सुपरवायझर मागे उभा राहिला की येणारं उत्तरही चुकतं, तसं मला व्हायला लागलं. एकदा खरंच चुकलो. तो लगेच माझ्याबरोबर चुकला. मुद्दाम खिजवतोय, अशी माझी खात्रीच पटली.

काही विचारावं तर उत्तर भलतंच. मी म्हणायचो, "गुरुवारी किती वाजता?" हा म्हणायचा, "हो, जेवून आलोय." मी म्हटलं, टाळतोय. बावीस वर्षं खांद्याला खांदा लावून वाजवल्यावर मला टाळतोय.

रविवारी सकाळी मी बेबीला फोन करतो. माझ्या पोटात काही राहत नाही, सगळं तिच्याजवळ ओकून मोकळा होतो. तिला म्हटलं, "तुझा नवरा मला बँडमधून काढायच्या बेतात आहे."

ती हसली, पण नेहमीसारखं नाही. "तो? तुला?"

"हसायला काय झालं?"

"काही नाही रे दादा. तू आपला त्याच्या जवळच उभा राहत जा."

म्हणजे बहीणही फितूर. मी फोन ठेवला आणि चहा न घेता तासभर तारा पुसत बसलो.

त्यात आमचे माइक-स्पीकर सांभाळणाऱ्या साउंडवाल्याने नवा लॅपटॉप आणला. महिन्याभरापूर्वी त्याने सगळ्यांचं वाजवणं वेगवेगळं रेकॉर्ड करून घेतलं होतं, "चेक करायला" म्हणून. आता मला सगळा डाव दिसायला लागला. माझा बेस त्या डब्यात भरून झालाय. एक दिवस बटण दाबतील, बेस आपोआप वाजेल, आणि मी उभ्या उभ्या बाद. बेस वाजवणारा नाहीतरी कुणाला दिसतो?

सगळं पक्कं झालं ते त्या कागदामुळे. एका कंपनीच्या पंचवीस वर्षांचा कार्यक्रम होता. दुपारचे चार, सहाशे खुर्च्यांचं सभागृह, आणि कंपनीच्या लोकांसोबत आमच्याही घरच्यांना बोलावणं. बेबी तिसऱ्या रांगेत बसणार होती. तीन वाजता साउंड तपासायला आलो. मास्तर चहाला गेले होते आणि त्यांचा गाण्यांच्या क्रमाचा कागद की-बोर्डवर चिकटवलेला होता. मास्तरांना अख्खा शब्द लिहायचा आळस. की-बोर्ड म्हणजे 'की.', ड्रम म्हणजे 'ड.', बेस म्हणजे 'बे.' कुठल्या गाण्यात कोण कधी सुरू करणार ते असं लिहिलेलं असतं. ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवशी खाली पेन्सिलीने दोन ओळी जास्त होत्या.

"बे. हॉलमध्ये कमी, ड. जास्त."

आणि त्याखाली: "बे.ला सांगायचं नाही."

मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा तर ओठ हलवून वाचलं. बेसचा आवाज कमी करा, ड्रमचा वाढवा, आणि बेसवाल्याला सांगू नका. राग आला, पण रागापेक्षा लाज जास्त वाटली, खरं सांगतो. या चौघांत मी नकोसा झालो आहे, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

भांडावं का? भांडलो असतो तर मास्तरांनी परत पंख्याचा वारा सांगितला असता. मला पुरावा हवा होता. मी ठरवलं, चौथ्या गाण्यात, कडव्यानंतर, मी आठ बार वाजवायचंच नाही. बार म्हणजे चार ठोके. आठ बार म्हणजे जेमतेम पंधरा सेकंद. बोटं तारांवर ठेवायची, पण तार ओढायची नाही. तरीही हॉलमध्ये बेस ऐकू आला, तर लॅपटॉप पकडला गेला. मग तिथेच गिटार उतरवून खाली ठेवायची आणि चालतं व्हायचं. बेबीच्या देखत.

पहिली तीन गाणी छान गेली. मला वाटलं होतं त्यापेक्षा छान. मेव्हणा फळीवरच्या स्टुलावर अनवाणी बसून, माझ्या हाताकडे टक लावून वाजवत होता आणि त्याचा ठोका माझ्या सुराशी असा चिकटून होता की क्षणभर मला सगळं विसरायला झालं. मग चौथं गाणं आलं. बाईंनी कडवं संपवलं. मी हात थांबवला.

बेस थांबला. हॉलमध्येही थांबला. लॅपटॉपमधून काही आलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटणार होतं. मी आहे! मीच वाजतोय!

आणि मग ड्रम घसरायला लागले.

पहिला बार ठीक गेला. दुसऱ्या बारला मेव्हण्याचा पायातला ठोका अर्धं पाऊल पुढे पळाला. तिसऱ्याला हातांनी पायाची साथ सोडली. बाई गात पुढे गेल्या, तो मागे राहिला. मग बाई थांबल्या आणि तो एकटाच पुढे. मास्तर त्याच्याकडे वळून मोठ्याने ओरडले, "एक, दोन, तीन, चार!" ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल. चार हातांवर बसलेल्या मेव्हण्याने मानही वळवली नाही.

तो फक्त माझ्या बोटांकडे बघत होता. बोटं हलत नव्हती. मग त्याने माझ्या पावलाकडे पाहिलं. तेही मी आखडून धरलं होतं. जिना उतरताना दिवे गेले की माणूस कठड्यासाठी हात पुढे करतो, तसा त्याचा चेहरा झाला होता. त्याने काठी उचलली, ती तशीच हवेत राहिली, आणि ड्रम थांबले. सहाशे माणसांसमोर.

तेव्हा मला दिसलं. त्याचे अनवाणी पाय. पायाखालची फळी. त्याच फळीवरचा, त्याच्याकडे तोंड केलेला माझा अँप. त्याला ऐकू येत नव्हतं. तो माझा बेस तळपायांनी ऐकत होता आणि उरलेला माझ्या बोटांवर वाचत होता. मी चुकलो तेव्हा तो माझ्याबरोबर चुकला, कारण त्याच्याकडे माझ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि तेच मी काढून घेतलं होतं.

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो, लोकांकडे पाठ करून. सगळ्यात जाड तार जिवाच्या आकांताने ओढली आणि फळीवर पाय आपटला. एकदा, दोनदा. चौथ्या आपटण्याला त्याच्या खांद्यात ठोका आला. पाचव्याला पायात. तो परत वाजवायला लागला. मास्तर आले, बाई आल्या, गाणं पुरं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मध्ये थांबायचं ठरलेलंच असावं. उरलेली सहा गाणी मी त्याच्याकडे तोंड करूनच वाजवली.

पडद्यामागच्या खोलीत मास्तर कागद काढून घड्या घालत होते. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय आहे, मास्तर?"

मास्तर ओशाळले. "बेबीला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. कान गेलेत हे कळलं तर ती त्याला घरी बसवेल म्हणून तो घाबरत होता. आणि तुला सांगितलं की तासाभरात तिला कळणार. तुझ्या पोटात काय राहतं?"

"मग वरची ओळ?"

"ती बेसचीच. हॉलमध्ये थोडा कमी करून ड्रमजवळ, तुझ्या अँपमध्ये जास्त द्यायचा, असं साउंडवाल्याला सांगायचं होतं."

'बे.' म्हणजे मी, आणि 'बे.' म्हणजे बेबी. गणिताच्या माणसाने दोन वेगळ्या गोष्टींना एकच अक्षर द्यावं! मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडण्याचा हक्क माझ्याकडे उरला नव्हता.

तेवढ्यात बेबी आत आली. मेव्हणा चटकन उभा राहिला, पायांत अजून बूट नव्हते. तिने तोंड उघडायच्या आतच म्हणाला, "माझी चूक झाली. हात घसरला."

"हात नाही घसरला," बेबी म्हणाली. त्याला ओठ दिसावेत म्हणून ती अगदी समोर उभी राहून, सावकाश बोलत होती. हे काही तिने आज सुरू केलेलं नव्हतं. "कान गेलेत तुझे. मला दोन वर्षांपासून माहीत आहे. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी शेजारी बसून पेपर वाचतोस. मला काय आंधळी समजतोस?"

मेव्हणा बघतच राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू सोडलं असतंस. आणि वाजवायचं सोडून घरी बसलेला तू मला नको होतास." ती माझ्याकडे वळली आणि माझ्या दंडावर हात ठेवला. "मी निवांत होते. म्हटलं, दादा शेजारी उभा असतो. काही झालं तरी तो सांभाळेल. आज सांभाळलंसच ना."

मेव्हण्याला तिचं सगळं कळलं नसावं, पण हाताची खूण कळली. तो माझ्याकडे बघून हसला. मग त्याची नजर नेहमीप्रमाणे माझ्या गिटारकडे गेली. "तार तुटली होती ना?" त्याने विचारलं. आवाज जरा मोठा होता, तसा हल्ली असायचाच. "म्हणून थांबलास?"

चारही तारा जागच्या जागी होत्या. त्यालाही त्या दिसत होत्या. मी नुसती मान हलवली असती तर तो विषय तिथेच मिटला असता. बेबीचा हात अजून माझ्या दंडावर होता.

"मी मुद्दाम थांबलो," मी पुटपुटलो.

त्याने कानामागे हात धरला. इतके महिने लपवलेली ती खूण त्याने पहिल्यांदाच सगळ्यांसमोर केली, कारण आता लपवायचं काही उरलं नव्हतं. "काय? मोठ्याने बोल ना. काय म्हणालास?"

खोलीत मास्तर होते, बाई होत्या, साउंडवाला दारात वायर गुंडाळत होता. मी बेबीचा हात दंडावरून बाजूला केला, मेव्हण्याच्या अगदी समोर जाऊन उभा राहिलो आणि तेच वाक्य परत, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो.