कोऱ्या नावाची सून

मोहिनीचं नाव खराब झालंय, हे आम्हाला नारायणगावच्या बँकेत कळलं. त्या सकाळी तिने भाकरी थापल्या, म्हशीला वैरण टाकली आणि ठेवणीतली साडी नेसली. आमच्या बोरी बुद्रुकमध्ये मिरची कांडायचं यंत्र नव्हतं. बायका तिखट करायला आळेफाट्याला जायच्या. मोहिनीने, माझ्या बायकोने, कर्ज काढून ते यंत्र घ्यायचं मनात धरलं होतं. पडवीतली जागा तिने सारवूनही ठेवली होती.

साहेबांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. मुंबईची एक कंपनी सगळ्या कर्जदारांची माहिती ठेवते, आणि तिच्याकडे मोहिनीच्या नावावर जीपचं थकलेलं कर्ज आहे, असं त्यांनी सांगितलं. आता कुठलीच बँक हिला कर्ज देणार नाही म्हणाले.

"सायेब, मला सायकलपण येत न्हाई," मोहिनी म्हणाली.

साहेब हसले नाहीत. त्यांनी तिला कंपनीचा पत्ता दिला. तिने टपालाने आपल्या नावावरच्या कर्जांचा अहवाल मागवला. तो आला, त्यातलं साल पाहिलं, आणि तिला सगळं आठवलं.

आमच्या घरात एक पद्धत होती. पुरुषांची नावं आधीच कुठल्या ना कुठल्या कर्जात अडकलेली. नव्या सुनेचं नाव तेवढं कोरं. हळद उतरली की तिला ओझरच्या गणपतीला न्यायचं आणि परत येताना नारायणगावला फायनान्सच्या ऑफिसात तिची सही घ्यायची. घरच्या गाडीचे कागद आहेत, एवढंच तिला सांगायचं. २००३ साली मोहिनीने हिरव्या चुड्याच्या हाताने तशीच सही केली. मी चाकणला कामाला होतो. मला कुणी कळवलं नाही, कारण यात कळवण्यासारखं काही आहे असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. जीप माझे थोरले भाऊ हौशीरामदादा चालवायचे. हप्ते थकले तसे फायनान्सवाले गाडी ओढून घेऊन गेले. गाडी गेली, विषय मिटला, असं सगळे धरून चालले; गाडी विकून न फिटलेलं कर्ज मोहिनीच्या नावावर तसंच राहिलं.

अहवाल दाखवला तेव्हा दादा म्हणाले, "घरातल्यानंच घेतलं ना? परक्यानं घेतलं व्हतं का?"

मोहिनीने कंपनीला तक्रार लिहिली. फायनान्सने कळवलं तेच आम्ही नोंदवतो, असं उत्तर आलं. फायनान्सवाले म्हणाले, सही तुमचीच आहे. ते खरंच होतं. खोटी सही असती तर भांडता आलं असतं. कर्ज फेडावं तर जीप वापरणारे दादा हात वर करत होते, आणि आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते. पडवीतल्या सारवलेल्या जागेवर दादांच्या बायकोने, ठकूवहिनींनी, कांदे पसरले.

पुढच्या उन्हाळ्यात दादांच्या आदेशचं लग्न झालं. सून शीला, आणे गावची. पोटाच्या दुखण्याने मोहिनी तेव्हा निम्मी झाली होती, तरी "मी वझरला येनार" म्हणत गाडीत बसली. देवाच्या ओढीने निघाली असेल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तेच वाटलं.

परतताना फायनान्सच्या ऑफिसात टेबलावर आदेशच्या नव्या गाडीचे कागद मांडून ठेवले होते. सहीच्या जागी शिसपेन्सिलीने फुल्या केलेल्या. शीलाने पेन घेतलं, तसा मोहिनीने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"शीले, गाडी आदेश चालवंल आन् कर्ज तुझ्या नावावर ऱ्हाईल. गाडी गेली तरी ते जात न्हाई. माझं बघ, ऱ्हायलंय."

वहिनी म्हणाल्या, "पोरीची हळदपण वाळली न्हाई, आन् तू घर फोडाया निगालीस. सोताचं यंत्र आलं न्हाई म्हणून तिची गाडी आडवतीस व्हय?"

"व्हय, म्हणूनच," मोहिनी म्हणाली.

शीलाने पेन खाली ठेवलं. पोर बारावी झालेली. मी आधी वाचते, म्हणाली आणि पहिल्या पानापासून वाचत बसली. दादा बाहेर जाऊन तंबाखू मळत राहिले. ऑफिसची जेवणाची सुट्टी झाली तरी तिचं वाचणं चालूच होतं. सही झाली नाही.

त्या दिवशी प्रसादाचे पेढे सगळ्या भावकीत वाटले गेले, आमच्याकडे आले नाहीत. दादांनी माझ्याशी बोलणं सोडलं. शीला मात्र मागच्या दाराने यायची आणि मोहिनीचे पाय चेपत बसायची.

दिवाळीच्या तोंडावर मोहिनी गेली.

सुतक संपल्यावर मी मुंबईच्या कंपनीला लिहिलं, की जीप तिने कधी वापरली नाही, तिच्या नावापुढचा शेरा काढा. त्यांचं उत्तर आलं, अर्जावर खातेदाराची स्वतःची सही हवी.

हे वाचणाऱ्यांच्या घरी नवी सून आली असेल, तर तिने कुठे कुठे सही केली ते तिला एकदा विचारा. तिचा अहवाल मागवा. तिला तो वाचू द्या.

शीलाने अजून सही केलेली नाही. गावच्या बायका अजून मिरची कांडायला आळेफाट्याला जातात. दादा फायनान्सच्या ऑफिसात गेलेले नाहीत. मोहिनीच्या नावापुढचा शेरा अजून निघालेला नाही.